भूत आहे की नाही, हे आवाजाने ठरवू नये

घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला भुताखेताची, पण शेवटपर्यंत ‘खरंच भूत होतं का?’ हा घोळ कायम ठेवणारी कादंबरी द्यायची म्हटली, की हल्ली पुढचा प्रश्न येतोच: पुस्तक आणायचं की ऑडिओबुक लावून द्यायचं? भाचीसाठी मी दोन्ही करून पाहिलंय.

ऑडिओचे फायदे खोटे नाहीत. दिवे मालवून, कानात इअरफोन घालून ऐकताना जशी टरकते तशी पुस्तक वाचताना क्वचितच. जोडाक्षराला अडखळणारी, इंग्रजी माध्यमातली ही मुलगी मराठी भयकथा तासन्‌तास ऐकत बसते. शिवाय शेवटचं पान आधी उघडून बघायची सोय नाही. आमच्याकडे या एका खोडीने कितीतरी रहस्यांचा बट्ट्याबोळ केलाय.

तरी एक गोष्ट मला फार खटकली, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. ऐकवणाऱ्याला बाजू घ्यावीच लागते.

हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ घ्या. १८९८ची आहे, किशोरांसाठी लिहिलेली नाही आणि वाक्यं लांबलचक; पण या प्रकारातली बरीचशी पुस्तकं तिचीच नातवंडं. आडबाजूच्या मोठ्या घरात दोन मुलांना सांभाळायला आलेल्या तरुण शिक्षिकेला मेलेली माणसं दिसू लागतात. शेजारी उभ्या असलेल्या, घराचा कारभार बघणाऱ्या मिसेस ग्रोसना मात्र काहीच दिसत नाही. भुतं खरी की बाईंच्या डोक्यातली, यावर समीक्षक अजून भांडताहेत. अगदी शेवटी लहानगा माइल्स मेलेल्या नोकराचं नाव घेतो आणि त्याच दमात ‘सैतान कुठला!’ अशा अर्थाचं ओरडतो. हे कोणाला? त्या नोकराच्या भुताला, की त्याला घट्ट धरून ठेवलेल्या बाईंना? कागदावर नाव आणि शिवी यांच्या मधे फक्त एक आडवी रेघ आहे. वाचणाऱ्याने हवं तिकडे वळावं, नाहीतर मधेच लटकत राहावं. मी ऐकलेल्या आवृत्तीत निवेदकाने ती ओळ सरळ खिडकीतल्या भुताकडे बघून ओरडल्यासारखी म्हटली. झालं, भूत खरं ठरलं! त्याच्या जागी दुसऱ्या कोणी बाईंचा आवाज पहिल्यापासून चिरका लावला असता, तर बाई वेड्या ठरल्या असत्या. चांगला निवेदक जितका जीव ओतणार, तितकं हे जास्त होणार, त्यामुळे त्याला दोषही देता येत नाही. (गंमत म्हणजे या कादंबरीची सुरुवातच नाताळात शेकोटीभोवती जमलेल्या मंडळींना हस्तलिखित वाचून दाखवण्याने होते.)

खास किशोरांसाठीचं हवं असेल तर पॅट्रिक नेसचं ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ (२०११). कॉनरची आई आजारी आहे आणि रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी यू नावाच्या झाडाचा राक्षस त्याच्या खिडकीशी येतो. स्वप्न म्हणावं तर सकाळी खोलीभर त्या झाडाची पानं पडलेली. ती झाडून पिशवीत भरणारा कॉनर मला राक्षसापेक्षा जास्त भीतिदायक वाटला. छापील प्रतीत जिम के यांची काळ्या शाईची चित्रं मजकुरात घुसतात, आणि राक्षस बाहेरचा की आतला हे तुमचं तुम्ही ठरवता. ऑडिओत त्याला घनगंभीर आवाज मिळतो. जे कानाला ऐकू आलं ते ‘नव्हतंच’ असं मानणं, निदान मला तरी, जमत नाही.

दुसरा मुद्दा छोटा. रहस्य म्हटलं की मागे जाऊन पडताळणं आलं: ‘अरे, हे आधी कुठेतरी होतं.’ पुस्तकात बोटं बरोबर त्या पानावर जातात. ॲपमध्ये पंधरा-पंधरा सेकंद मागे सरकताना माझा तरी पारा चढतो.

म्हणून सगळंच छापील घ्या असंही नाही. नारायण धारपांच्या, समर्थ नावाच्या नायकाच्या भयकथा खुशाल ऐकाव्यात. तिथे अमंगल शक्ती असतेच, समर्थ तिच्याशी दोन हात करतात. आवाजाने रंगत वाढेल, बिघडणार काही नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा मात्र मी हातात पुस्तकच देईन, कारण त्यातल्या कित्येकींचा पेच माणसाच्या मनातच बसलेला असतो.

मूल वाचायलाच तयार नसेल तर ऑडिओ, यात वाद नाही. फक्त विकत घेण्याआधी नमुना ऐका. प्रत्येक पात्रासाठी वेगळा आवाज काढणारा निवेदक सोडा, थोडा सपाट वाचणारा निवडा. आणि नेसचं पुस्तक घेणार असाल तर चित्रांचीच प्रत बघून घ्या, बिनचित्रांचीही मिळते.