आवाज १,७०० रुपयांचा होता, मी ३१,८५० मोजले

आकडा आधीच सांगतो, म्हणजे लपवल्यासारखं वाटायला नको. ३१,८५० रुपये. तेरा वर्षं जुन्या गाडीवर.

२०१२ची आय-टेन, ९४ हजार किलोमीटर झालेली. पुढून डाव्या बाजूने टकटक यायची. स्पीडब्रेकर सरळ घेतला तर काही नाही, तिरका घेतला किंवा एकच चाक खड्ड्यात गेलं की टक-टक. पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत तर सलग. हे सगळं मी गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी अगदी असंच सांगितलं होतं. दोन्ही चाकं एकदम वर-खाली झाली तर स्टॅबिलायझर बारला, म्हणजे गाडी वळणावर कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांडीला, पीळ बसत नाही. एकच चाक हललं की बसतो आणि त्या दांडीच्या टोकाला जोडलेला झिजका लिंक रॉड वाजतो. हे मला आज कळतं. त्याला माझं वाक्य संपायच्या आत कळलं असणार.

त्याने एक चक्कर मारली, गाडी रॅम्पवर घेतली आणि म्हणाला, "साहेब, रॅक गेलाय. कधीही जाम होईल." रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग. आम्ही चार दिवसांनी साताऱ्याला निघणार होतो, हे मीच बोलून बसलो होतो. तो लगेच म्हणाला, "खंबाटकी चढताना स्टिअरिंग जाम झालं तर? फॅमिली असेल ना सोबत?"

मागच्या सीटवर सहा वर्षांची मुलगी बसणार असेल तर तुम्ही काय केलं असतं? मी अठरा वर्षं गाडी चालवतोय, टायर-ऑइलमध्ये मला कुणी फसवू शकत नाही. पण रॅम्पखाली उभा राहून काळ्या नळ्यांकडे बघताना माणूस समोरच्याचंच ऐकतो.

रॅक १४,५००. पुढचे दोन शॉकअप ६,२००. दोन लोअर आर्म ४,४००. इंजिन माउंटिंग ३,२५०. मजुरी ३,५००. पंधरा हजार आधी, १६,८५० गाडी घेताना. पैसे गॅरेजच्या खात्यात नाही, कुणाच्या तरी खासगी नंबरवर यूपीआयने. बिल म्हणजे पॅडचा कागद, वर 'एस्टिमेट' छापलेलं. जीएसटी नंबर नाही, पार्ट नंबर नाही. पक्कं बिल मागितलं तर "मग अठरा टक्के वर लागतील". मी गप्प बसलो. ती माझी चूक, मान्य.

पण फसवणूक ओळखायचा खरा क्षण तो नव्हता. माझ्या गाडीचं स्टिअरिंग सरळ रस्त्यावर किंचित उजवीकडे कललेलं राहतं, दोन वर्षांपासून. गाडी घेऊन निघालो, मोठ्या रस्त्याला लागलो, तर ते तसंच, त्याच कोनात कललेलं. नवा रॅक, नवे लोअर आर्म, नवे शॉकअप बसवले की चाकांचे कोन बदलतात, म्हणून ते पुन्हा जुळवावे, म्हणजे व्हील अलाइनमेंट करावीच लागते. अलाइनमेंट झालीच नव्हती, बिलातही नव्हती. तरीही स्टिअरिंग होतं तिथेच, म्हणजे आत काही बदललंच नव्हतं! मला ते दिसलं होतं. हातात जाणवलं होतं. आवाज बंद झालाय या आनंदात मी ते सोडून दिलं. याचा राग मला त्या माणसाइतकाच स्वतःवरही आहे.

जुने पार्ट मागितले तेव्हा "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला" हे उत्तर मिळालं होतं. जुने पार्ट काम सुरू होण्याआधीच मागून ठेवा, आणि बदलायच्या पार्टवर पेंटने खूण करून फोटो काढा.

जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाले आणि टकटक परत आली. गॅरेजवाल्याने फोन उचलणं बंद केलं. मग ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने हडपसरच्या एका छोट्या मिस्त्रीकडे पाठवलं. त्याने पोराला गाडी एका बाजूने हलवायला सांगितली आणि स्वतः खाली हात घालून लिंक रॉड धरला. दोन मिनिटं. "दादा, हा बघा, हाताला लागतोय." लिंक रॉडच्या फाटलेल्या रबरी बूटात, म्हणजे टोपीत, ग्रीस कोंबून वरून केबल टाय आवळलेला होता. पावसात ग्रीस धुऊन गेलं. रॅक जुनाच, नटांवरचा गंजसुद्धा हललेला नाही. शॉकअपवर काळा स्प्रे, रंगाखाली चिखल जसाच्या तसा. लोअर आर्मही जुनेच. माउंटिंग तेवढं नवं निघालं.

दोन लिंक रॉड १,३००, मजुरी ४००. पक्कं बिल, न मागता.

पोलिस चौकीत गेलो. फोटो, व्हॉट्सॲप, यूपीआयच्या पावत्या, सगळं घेऊन. पाऊण तास बसवून सांगितलं, "हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा." न बसवलेल्या पार्टचे पैसे घेणं ही फसवणूक नाही? मग भारतीय न्याय संहितेतलं कलम ३१८ कशासाठी आहे? दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा साधा अर्ज लिहून घेतला, पोच द्यायला तयार नाहीत, शिक्क्यासाठी भांडावं लागलं. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तर तीन आठवड्यांनी मेसेज आला : समोरच्याकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. प्रतिसाद नाही म्हणून तक्रार बंद! चोराने दार उघडलं नाही म्हणून चोरी झालीच नाही असं म्हणण्यासारखं आहे हे. आणि प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न : "पक्कं बिल का नाही घेतलं?" तो प्रश्न बिल न देणाऱ्याला विचारायला कुणी उठत नाही.

बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात (म्हणजे आधीच्या ग्राहक मंचात) फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. मी ऑनलाइन तक्रार दाखल केली आहे. मिस्त्रीने लेखी लिहून दिलंय, नाव-गाव-सहीसकट. त्यासाठी त्याने एक रुपया घेतला नाही.

प्रवासाची तारीख गॅरेजमध्ये सांगू नका. आवाज कुठून येतो ते दाखव म्हणा, हात लावून, तुमच्यासमोर. आणि कच्चा कागद मिळाला असेल तर तोही फाडू नका, आज माझ्या फाइलमध्ये पहिल्या पानावर तोच लावलाय.