साखरेच्या गोळ्या: स्टाउट सोडून बाकी बिअरला चालतील

मेलबर्नला आमच्या गॅरेजमध्ये वर्षभर बिअर करतोय. बाटलीबंद करताना साखर आधी चमच्याने घालायचो. 375 मिलीच्या बाटलीचं तोंड ते केवढं! अर्धी साखर ओट्यावर, मग मुंग्यांची वरात. वर एक बाटली ताकासारखी मिळमिळीत, तर दुसरी उघडल्या उघडल्या छतापर्यंत. बायको म्हणाली, "दिवाळीचं अनार घरीच बनवतोस की."

म्हणून या तयार गोळ्या आणल्या. दिसायला थेट लिमलेटची गोळी, फक्त पांढरट. 375 मिलीला एक, 750 ला दोन. टाका, बूच दाबा, विषय संपला. उरलेलं यीस्ट ती साखर खातं आणि बंद बाटलीत गॅस धरतो. वीसेक अंशाला दोन आठवडे ठेवल्यावर पेल एलला (फिकट रंगाची बिअर) छान, टिकणारा फेस आला.

पण गोळी अर्धी होत नाही. (सुरीने करून बघितली. चुरा झाला, बोट कापलं.) गोळीचं वजन तीनेक ग्रॅम, म्हणजे लिटरला 8 ग्रॅम साखर. स्टाउटला (काळी, भाजक्या चवीची बिअर) मला लिटरला 5 पुरते. गोळी घातलेली स्टाउट सोड्यासारखी जिभेला चावली. 330 च्या बाटलीत तर जास्तच.

आणि बिअर पूर्ण आंबायच्या आधी बाटलीत भरली, तर गॅस इतका होतो की बाटली फुटू शकते; गोळी काय, कुणीच वाचवणार नाही. हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजून साखर किती उरली ते सांगणारी काचेची नळी) आकडा दोन-तीन दिवस हलला नाही की मगच भरा.

सध्या मोठी बॅच असली की 23 लिटरला 140 ग्रॅम डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची साखर) पाण्यात उकळून, गार करून बादलीत घालतो आणि त्यावर बिअर सोडतो. गोळ्यांची पिशवी पाचदहा बाटल्यांपुरती कपाटात आहे.