ट्रस्टींसाठीचं एक दिवसाचं वर्कशॉप, नवी पेठ: जरूर जा, फाईल घेऊन जा

गेल्या रविवारी पुण्यात नव्या पेठेत ट्रस्टींसाठीच्या वर्कशॉपला जाऊन आले, फी 800 रुपये, जेवणासकट. आमची धनकवडीत छोटी अभ्यासिका आहे, ट्रस्ट रजिस्टर्ड, आम्ही सात जण विश्वस्त, पण कारभार असा की अध्यक्ष सरांचा फोन येतो, "ताई, जाता जाता सही करून जा", आणि आपण करतो.

सकाळचं सेशन फारच छान. प्रत्येक टेबलावर एका काल्पनिक ट्रस्टची फाईल ठेवलेली, पावतीपुस्तक, पासबुकाची झेरॉक्स, प्रोसिडिंग बुक म्हणजे सभांच्या ठरावांची वही, आणि चुका आपण शोधायच्या. आमच्या टेबलावर 5,000 रुपये रोख घेतल्याची 80जी ची (देणगीदाराला इन्कम टॅक्समध्ये सवलत देणारी) पावती निघाली, 2,000 च्या वर रोख दिले तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही हे मला माहीतच नव्हतं. मग प्रोसिडिंग बुक उघडलं तर एका पानावर खाली सात सह्या आणि वर ठरावाची जागा कोरी. मी गप्पच बसले, कारण अशा पानावर मीही सही केलेली आहे.

हडपसरच्या एका काकूंनी विचारलं, मी नुसती नावाला आहे, मला काय होणार? शिकवणारे वकील शांतपणे म्हणाले, कायद्यात नावाला ट्रस्टी नसतो, हिशोब द्यायला वारंवार चुकलात, कर्तव्यात सतत कसूर केली तर धर्मादाय आयुक्त, म्हणजे ट्रस्टांवर देखरेख करणारे सरकारी अधिकारी, राज्याच्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्याच्या कलम 41ड खाली कुणाही विश्वस्ताला काढू शकतात. हॉलमध्ये एकदम शांतता.

चेंज रिपोर्टचा भाग तर आमच्यासाठीच होता असं वाटलं. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला की 90 दिवसांत हा रिपोर्ट देऊन धर्मादाय कार्यालयाला कळवायचं असतं, आणि आमचे एक काका जाऊन दोन वर्षं झाली तरी शेड्यूल एकवर, म्हणजे त्या कार्यालयातल्या आमच्या ट्रस्टच्या नोंदीच्या उताऱ्यावर, त्यांचं नाव तसंच आहे. शिवाय वरची खोली एका क्लासला पाच वर्षांच्या कराराने द्यायचं आमचं जवळजवळ ठरलेलं, तर इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम 36 खाली आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते! वेळेत कळलं म्हणून बरं.

जेवणानंतर मात्र इन्कम टॅक्सचा विषय अर्ध्या तासात उरकला, 12ए (ट्रस्टच्या करमाफीची नोंदणी), 10बीडी (देणग्यांचं वार्षिक विवरण) सगळं भराभर आणि स्लाईड इंग्रजीत, मागे बसलेल्या ज्येष्ठांना काही कळलं नसणार, त्यांच्यासाठी तरी मराठीत हवं होतं. माईकही खरखरत होता. नोट्स मात्र मराठीत दिल्या, त्या चांगल्या आहेत.

पाचपैकी चार. जाताना आपल्या ट्रस्टच्या शेड्यूल एकची झेरॉक्स नक्की न्या, चहाच्या सुट्टीत वकील साहेब बघून सांगतात. आमची शनिवारी मीटिंग आहे, चेंज रिपोर्ट पहिल्या विषयाला घ्यायला लावलाय, आणि पुढच्या बॅचला खजिनदारांचं नाव देऊन आलेय.