एकच क्रेट घरी न्यायचा असेल तर: पिल्स की हेलेस?

जर्मनीत बिअरच्या दुकानात उभे आहात, समोर एकीकडे चेक पिल्सनर, एकीकडे उत्तरेकडचं कडक कडू पिल्स आणि एकीकडे म्युनिकचं हेलेस, आणि गाडीत जागा एकाच क्रेटची. अशा वेळी कुठल्यावर हात ठेवायचा हे ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. लागर म्हणजे काय आणि एल म्हणजे काय हे तुम्हाला माहितीये असं धरून चालतो. फक्त एक, परमिट रूममधल्या स्ट्राँगवर तयार झालेली जीभ घेऊन आला असाल तर सुरुवातीला हे तिन्ही प्रकार सारखेच पाणचट लागतील. जरा दम धरा, फरक कळायला लागतो.

मी राहतो न्यूर्नबर्गला. इथून पिल्झेन (पिल्सनरला जिचं नाव मिळालं ते चेक शहर) आणि म्युनिक दोन्ही गाडीने दोनेक तासांवर, त्यामुळे दोन्हीकडे जाऊन जागेवर बसून पिणं बऱ्यापैकी झालंय. (आमच्या फ्रँकोनियाच्या गावोगावच्या बिअरींना इथे मुद्दाम हात लावत नाहीये, तो विषय काढला की मग पिल्स-हेलेस बाजूलाच राहील.)

आधी पिल्झेनचं सांगतो. पिल्सनर उर्क्वेल तिथे नळावरची प्यायली नसेल तर तुम्ही ती प्यायलीच नाहीये असं माझं मत आहे, बाटलीतून कितीही पिऊन झाली असली तरी. तिथल्या चांगल्या पबांमध्ये बिअर थेट टाकीतून येते, पाश्चराइझ न केलेली, आणि ओतणारा माणूस आधी ओला, दाट फेस ग्लासात सोडतो आणि मग त्या फेसाच्या खालून बिअर भरतो. याला ते हलादिंका म्हणतात. तीन बोटं फेस बघून आपल्याकडचा माणूस आधी म्हणतो अरे हे काय, अर्धा ग्लास हवाच दिली, पण तो फेस पिण्यासारखा असतो, गोडसर आणि मऊ, आणि खालची बिअर शेवटपर्यंत ताजी राहते. अल्कोहोल फक्त ४.४ टक्के. कडूपणा भरपूर, पण झातेत्स या चेक गावाकडच्या हॉप्सचा (हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं), म्हणजे गवतासारखा, मसाल्याच्या अंगाने जाणारा, आणि त्याच्या मागे भाजक्या पावाचा दाटपणा, कारण तिथे मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात कालवलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा), काही भाग वेगळा काढून उकळून परत मिसळायची जुनी पद्धत अजून पाळतात, तीही तीन वेळा. पाणीही अतिशय मऊ. नळावरची बिअर म्हणून माझ्या लेखी हिला तोड नाही, हे आधीच कबूल करून ठेवतो म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की याला पिल्स कळत नाही.

बुडवार तिची चुलत बहीण. चेस्के बुदेयोवित्से या चेक गावची, ५ टक्के, ब्रुअरी आजही सरकारच्या मालकीची, आणि नावावरून अमेरिकेतल्या मोठ्या बडवायझरशी शंभर वर्षांहून जुनं कोर्टकचेरीचं भांडण. चवीला उर्क्वेलपेक्षा गोड आणि गोलसर. पिल्स आणि हेलेसच्या मधोमध कुठेतरी बसते, त्यामुळे घरात दोन पार्ट्या असतील तर तडजोड म्हणून चांगली.

उत्तरेकडचं पिल्स म्हणजे येवर, फ्रिसलँडचं. हे सगळ्यात कोरडं. गोडवा जवळपास नाहीच, घोट गिळला की जिभेच्या मागच्या बाजूला कडूपणा बसून राहतो आणि पुढच्या घोटाची वाट बघतो. काही लोकांना हेच व्यसन लागतं. माझ्या ऑफिसात हॅम्बर्गकडचा एक जण आहे, त्याच्या मते बाकी सगळ्या बिअर लहान मुलांच्या. आमच्या घरी मात्र बायकोने एक घोट घेऊन ग्लास शांतपणे माझ्याकडे सरकवला, विषय संपला.

आता हेलेस. याची गंमत अशी की हे पिल्सच्याच धाकाने जन्माला आलंय. पिल्झेनला १८३८ साली लोकांनी खराब झालेल्या बिअरची पिंपं नगरपालिकेसमोर ओतून दिली, मग गावाने स्वतःची ब्रुअरी काढली आणि ब्रुअर आणला तो बवेरियातून, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथून, योसेफ ग्रोल. त्याने १८४२ च्या ऑक्टोबरात जी बिअर बनवली ती पहिली पिल्सनर. म्हणजे बनवणारा इकडचाच! त्यानंतर पन्नासेक वर्षं म्युनिकवाले आपल्या गडद बिअरीच पीत बसले, तिथल्या जड पाण्यात फिकट बिअर नीट जमायचीही नाही, आणि तोवर ती सोनेरी पिल्स सगळीकडे पसरत गेली. शेवटी १८९४ ला म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीने फिकट लागर काढली, तीच हेलेस, पण म्युनिकच्या गिऱ्हाइकाचा भरवसा नव्हता म्हणून पहिला माल पाठवला तो थेट हॅम्बर्गला. तिथे चालली, मग घरी विकली. काही म्युनिकच्या ब्रुअरींनी तेव्हा या फिकट बिअरला विरोधही केला होता, आज त्याच शहरात तुम्ही नुसतं 'एक बिअर' म्हणालात तर समोर हेलेसच येतं.

चवीला हेलेस पहिल्या घोटात काहीच बोलत नाही, हे तिच्या विरुद्धचं सगळ्यात मोठं म्हणणं आहे आणि ते खरंय. हॉप्स मागे, माल्ट पुढे, ताज्या पावाच्या आतल्या भागाची चव, आणि कडूपणा फक्त गोडवा चिकटू नये एवढाच. ऑगस्टिनर ५.२ टक्के, टेगर्नझेअर ४.८, वाइहेनश्टेफान ५.१, यातलं कुठलंही घ्या, आकड्यांनी फार फरक पडत नाही. ऑगस्टिनर जाहिरात जवळपास करतच नाही, तरी क्रेट आधी तिचेच संपतात. मला स्वतःला टेगर्नझेअर थोडी जास्त आवडते, पण डोळे बांधून दिली तर ओळखीन याची हमी देत नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की हा पिल्झेनच्या बाजूने झुकतोय. झुकलो असतोही, पण प्रश्न पबचा नाही, घरी न्यायच्या क्रेटचा आहे. आणि क्रेट म्हटला की बाटली आली, आणि बाटलीपाशीच माझं घोडं अडलं.

उर्क्वेल हिरव्या बाटलीत येते. येवर हिरव्या. बुडवारही. आणि हिरव्या काचेतून उजेड जवळपास सरळ आत जातो. बिअरला कडू करणारी जी हॉप्सची आम्लं असतात ती उजेडात फुटतात, बिअरमधलं रायबोफ्लेविन, म्हणजे आपलं बी-२ जीवनसत्त्व, त्याला हातभार लावतं, आणि गंधकाशी जुळून त्यातून एक थायॉल, म्हणजे उग्र वासाचा गंधकयुक्त पदार्थ, तयार होतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. वास कसा म्हणाल तर शिळ्या लसणाच्या अंगाने जाणारा, जळक्या रबराचा. कडक उन्हात हे व्हायला काही मिनिटं पुरतात, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली जास्त वेळ लागतो पण होतं. तपकिरी काच यातला बराचसा उजेड अडवते, आणि वर सांगितलेल्या हेलेस तपकिरी बाटलीतच येतात. शिवाय पिल्समध्ये हॉप्स जास्त म्हणजे फुटायला कच्चा माल जास्त, त्यामुळे जी बिअर जास्त जपायला हवी तीच नेमकी उघड्या काचेत बसलेली असते.

एका दुकानात क्रेट काचेच्या भिंतीला लावून ठेवले होते, दुपारचं ऊन थेट त्यावर. मी घरी आणला, उघडली, वास. दुसरी उघडली, वास. दुकानात जाऊन सांगितलं तर तिथला माणूस म्हणाला, पिल्स असंच असतं. आणि वाईट याचं वाटलं की तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. आपल्याकडेही कित्येक जण हिरव्या बाटलीतला तो वास म्हणजे इम्पोर्टेडची चव असं समजून पितात, मी पुण्यात मित्रांना असं कौतुक करताना ऐकलंय. यात ब्रुअरीच्या बिअरचा दोष नाही, वाटेतल्या उजेडाचा आहे, हे मान्य. पण पैसे मी वाटेच्या या टोकाला देतो ना!

त्यात आमचा फ्लॅट. फ्रिज छोटा, त्यात दूध, भाज्या, इडलीचं पीठ, वीस बाटल्यांना जागा कुठे. ऑक्टोबर ते मार्च क्रेट बाल्कनीतच राहतो, जर्मनीत निम्म्या घरांची हीच पद्धत. तपकिरी बाटल्या बाल्कनीत निवांत असतात. हिरव्यांवर मला टॉवेल टाकायला लागायचा, मग पावसात टॉवेल ओला, मग बायकोचा प्रश्न की हा कुठला टॉवेल घेतलास. एवढी सेवा करून पाचव्या-सहाव्या बाटलीला वास यायचाच. शेवटी कंटाळलो.

तुम्ही म्हणाल मग डबा (कॅन) घे. बरोबर आहे, डब्यात उजेडाचा प्रश्नच मिटतो आणि डब्यातली उर्क्वेल चांगली लागते, डबेच आणणार असाल तर माझा अर्धा मुद्दा बाद. फक्त डब्यावर डिपॉझिट २५ सेंट, काचेच्या साध्या बाटलीवर ८, पैसे परत मिळतात पण चेपलेला डबा मशीन परत तोंडावर फेकतं. किंवा म्हणाल तपकिरी बाटलीतलं पिल्स घे. तेही बरोबर, ब्लॅक फॉरेस्टचं रोथाउस आहे, बिटबुर्गर आहे, क्रोमबाखर आहे. रोथाउस तर मी आजही आणतो अधूनमधून, छोट्या बाटलीत येतं आणि फार स्वच्छ चव आहे.

पण मग ताटाचा प्रश्न येतो. आमच्याकडे बिअर नुसती प्यायली जात नाही, सोबत काहीतरी लागतंच, आणि ते काहीतरी म्हणजे मसाला शेंगदाणे, कांदाभजी, कोणी कोल्हापूरचं आलं असेल तर सुकं मटण. तिखटावर कडू पिल्स घेतलं की आग शमत नाही, उलट चढते, कडूपणा आणि बुडबुडे दोन्ही जिभेवर आधीच पेटलेल्या जागी जाऊन बसतात. हेलेसचा तो गोडसर माल्ट मात्र मिरचीला झेलतो. पहिल्या घोटात काहीच न बोलणारी बिअर सुक्या मटणासोबत बरोबर बोलायला लागते. हा माझ्या जिभेचा अनुभव आहे, तुमची वेगळी असू शकते. तळलेल्या मासळीसोबत, मसाला कमी असेल तर, मी अजूनही येवरच्या बाजूने मत देईन.

हेलेसचे त्रासही सांगतो नाहीतर म्हणाल जाहिरात केली. एक तर बिअर गार्डनमध्ये बऱ्याच ठिकाणी ती 'मास' नावाच्या लिटरभराच्या मगमध्येच मिळते, आणि सावकाश पिणाऱ्याचा शेवटचा पाव लिटर कोमट आणि मेलेला. दुसरं, हॉप्सचं पांघरूण नसल्यामुळे तिचं वय लगेच दिसतं, जुनी झाली की पुठ्ठ्यासारखी लागते. आणि सगळ्या हेलेस चांगल्या नसतात, स्वस्तातल्या काही नुसत्या गोड असतात. पण बिअर गार्डनमध्ये घरचं खाणं नेता येतं, १८१२ ला बवेरियाच्या राजाने ब्रुअरींना तळघरातून बिअर विकू दिली पण जेवण विकू दिलं नाही तेव्हापासूनची रीत आणि आता तो नियमच आहे. थालीपीठ आणि लसणाची चटणी उघडून बसलात तर कोणी काही बोलत नाही, फार तर शेजारचं टेबल डबा बघून विचारतं की हे काय आहे.

तर पिल्झेनला जाणार असाल तर तिथे उर्क्वेलच प्या, दुसरं काही मागू नका. घरी क्रेट आणणार असाल तर मी हेलेस आणेन, आणि आणताना वरच्या नाही, खालच्या क्रेटमधल्या बाटलीवरची तारीख बघेन, कारण दुकानवाले जुना माल वर ठेवतात. मदत मागायला लाजू नका, वीस भरलेल्या बाटल्यांचा क्रेट वरून खाली काढताना पाठ धरते.