कोथरूडमधील हवाईयन उच्चारवर्ग : शिकवणी चोख, टिपणे कच्ची

कोथरूडमधील एका उकुलेले (गिटारसारखे छोटे तंतुवाद्य) वर्गाने हवाईयन गाणी म्हणू इच्छिणाऱ्यांसाठी उच्चारांची स्वतंत्र शिकवणी सुरू केली आहे. गाणे पाठ करून घेण्याआधी वर्णमाला समजावून सांगण्याची तेथील पद्धत मला पटली. १८२० मध्ये हवाई बेटांवर आलेल्या अमेरिकी मिशनऱ्यांनी ही भाषा रोमन लिपीत बसवली आणि १८२६ मध्ये एकाच ध्वनीसाठी दुबार ठरणारी अक्षरे मतदानाने वगळली, हा इतिहास शिक्षिका थोडक्यात सांगतात. आज पाच स्वर आणि आठ व्यंजने मिळून १३ अक्षरे मानली जातात. जोडाक्षरे नाहीत आणि प्रत्येक अक्षर स्वरान्त असते. त्यामुळे ओआहू बेटावरील ज्या ‘लिकेलिके’ महामार्गाचे इंग्रजी वाचक ‘लाइकलाइक’ करून टाकतो, त्याचे नाव मराठी माणूस सहज वाचतो.

खरा कस लागतो तो ओकिनापाशी. उलट्या स्वल्पविरामासारखी दिसणारी ही खूण म्हणजे कंठात क्षणभर श्वास अडवून उच्चारायचे पूर्ण व्यंजन आहे. ‘कोʻउ’ म्हणजे माझे आणि ‘कोउ’ म्हणजे तुझे. गळ्यावर बोटे ठेवायला लावून शिक्षिका ही जोडी आळीपाळीने म्हणवून घेतात आणि श्वास अडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. मात्र रस्त्याकडील खिडक्या उघड्या असल्या की रिक्षांच्या आवाजात हा बारीक खंड ऐकूच येत नाही.

छापील टिपणांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. स्वरावरची आडवी रेघ, म्हणजे काहाको, तो स्वर दीर्घ असल्याचे दाखवते. सोडणे, क्षमा करणे या अर्थाच्या शब्दात दोन्ही स्वर ऱ्हस्व आहेत, तर पैसा या अर्थाच्या शब्दात दोन्ही दीर्घ. टिपणांत दोन्ही ‘काला’च छापले आहेत. (पुणेकराला त्यावरून गोपाळकाला आठवतो, तो भाग वेगळा.) ‘कल’ असे लिहिले तर आपण शेवटचा अकार गिळणार, ही अडचण खरी, शिवाय ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद दाखवायला मराठी लेखनात सोयच नाही. म्हणूनच प्रत्येक शब्दाशेजारी मूळ रोमन रूप छापायला हवे होते.

शुल्क माफक आहे. रेघा आणि ओकिनांसह रोमन शब्दयादी वर्गात उपलब्ध असून ती मागितल्यावरच मिळते, तेव्हा नाव नोंदवतानाच मागून घ्यावी.