नव्या स्टिकरखालच्या जुन्या बॅटऱ्या

मी एका रुग्णालयात विजेच्या देखभालीचं काम बघतो. ऑपरेशन थिएटरच्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलताना आमच्या गळ्यात जुना माल मारला गेला. ही युक्ती फक्त आमच्याकडेच वापरली असेल असं वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

१२ व्होल्टच्या १६ बॅटऱ्या, सगळ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीपुढे एक साखळीसारख्या जोडलेल्या. वीज गेल्यावर जनरेटर लोड घेईपर्यंत काही सेकंद जातात, आणि तो सुरूच झाला नाही तर सगळी भिस्त या बॅटऱ्यांवर. व्हेंटिलेटरमध्ये स्वतःची बॅटरी असते, भूल देण्याच्या बहुतेक मशीनमध्येही असते. पण भिंतीच्या सॉकेटवर चालणारं सक्शन (रक्त ओढून घेणारं यंत्र) आणि कॉटरी (रक्तवाहिन्या जाळून रक्तस्राव थांबवणारं यंत्र) तिथल्या तिथे बंद पडतात. पोट उघडं असताना सक्शन थांबलं तर काय होतं, ते एखाद्या सर्जनला विचारा.

पुरवठादार देखभालीच्या कंत्राटातलाच, रोजच्या ओळखीचा. माल चकचकीत, स्टिकर कोरे करकरीत. त्याच्या माणसाने एकेका बॅटरीला मल्टीमीटर लावून आकडे वाचून दाखवले: १२.८, १२.९, १२.८. मग मेन स्विच पाडला. दिवे चालूच राहिले. “बघा साहेब, पापणीसुद्धा लवली नाही!” काढलेल्या बॅटऱ्या टेम्पोत भरून तो लगेच निघूनही गेला. बायबॅकमध्ये, म्हणजे जुना माल परत घेण्याच्या सौद्यात, ते ठरलेलंच होतं.

खरी गोम इथेच आहे. लेड-ॲसिड बॅटरी कितीही थकली तरी चार्ज करून नुसती ठेवली की व्होल्टेज बऱ्याचदा ठीकच दाखवते. तिचा आतला रोध वाढलेला असतो आणि तो करंट ओढल्याशिवाय कळत नाही. त्या दिवशी ओढलं कोणी? छतावरच्या दोन-चार एलईडी दिव्यांनी.

बिल माझ्या टेबलावर आलं तेव्हा लोड टेस्टशिवाय सही नाही, असं मी सांगितलं. थिएटरला सुट्टी असताना हीटर जोडून पुरा लोड टाकला आणि प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज लिहीत गेलो. दोन बॅटऱ्या बघता बघता १० व्होल्टच्या खाली घसरल्या. एकीला साडेदहा धरून १६ बॅटऱ्यांचे मिळून साधारण १६८ व्होल्ट झाले की यूपीएस हात वर करतं; अर्ध्या तासाचा बॅकअप सांगितलेला, तो काही मिनिटांत संपला. सिरीजमध्ये एक बसली की बाकीच्या चांगल्या असून उपयोग नसतो.

मग बॅटऱ्या बाहेर काढल्या. स्टिकरचा कोपरा नखाने उचलला तर खाली आधीच्या स्टिकरचा चिकट डाग. प्लास्टिकवर उत्पादनाचा कोड असतो तिथे सँडपेपर मारलेला. टर्मिनलच्या शिशावर वॉशरचे जुने वळ. एकीच्या तळाशी तर मार्कर पेनने ‘७’ लिहिलेला होता, म्हणजे आधीच्या कुठल्या तरी बॅटऱ्यांच्या संचातला तिचा नंबर! आमच्या काढलेल्या बॅटऱ्या आज कुठल्या थिएटरमध्ये ‘नव्या’ म्हणून बसल्या असतील, देव जाणे.

विचारल्यावर त्याने खोलीच्या उष्णतेवर खापर फोडलं. अर्धसत्य फार कामाचं असतं. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हे खरंच आहे. पण ती झीज कित्येक महिन्यांची, वर्षांची. बसवल्या बसवल्या बॅटरी उष्णतेने मरत नाही.

शंका आली म्हणून त्याचे अर्थिंगचे रिपोर्टही काढले. अर्थिंगच्या प्रत्येक खड्ड्याचं रीडिंग ०.८ ओहम. भर उन्हाळ्यातल्या रिपोर्टमध्ये तेवढंच, पावसाळ्यातल्यातही तेवढंच. जमिनीची ओल बदलली की हा आकडा हलतोच. मीटर खड्ड्यापर्यंत गेलाच नव्हता. घरात एक वेळ हे खपून जाईल. पण ज्याच्या हृदयापर्यंत कॅथेटर गेलाय, त्याला अर्थिंगमधून जमिनीत न गेलेला, मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाएवढा लिकेजही (यंत्रातून गळणारा करंट) मारू शकतो. बॅटऱ्यांपेक्षा मला याचाच जास्त संताप आला.

आता माल उतरवतानाच कोड आणि सिरियल नंबरचे फोटो काढतो, उत्पादकाकडे पडताळतो. पुऱ्या लोडवर, सांगितलेल्या वेळेपर्यंत, प्रत्येक बॅटरीचं रीडिंग मिळाल्याशिवाय पैसे नाहीत, हे ऑर्डरवरच छापलंय. जुन्या बॅटऱ्या त्या टेस्टनंतरच गेटबाहेर जातात, त्याही अंगावर खोल ओरखडा मारून. अर्थिंग मोजताना आमचा माणूस शेजारी उभा असतो.

त्या पुरवठादाराने आठ बॅटऱ्या बदलून देतो, बाकीच्या ‘चालतील’, असा निरोप धाडला होता. सगळ्या परत पाठवल्या. बिल अजून अडकलेलंच आहे आणि त्याची स्मरणपत्रं नेमाने येतात.