आय20 एन लाइन की अल्ट्रोझ रेसर: सव्वा वर्षानंतर, मुख्यतः टायरबद्दल

टायरच्या कडेला फुगा आला नसता तर एवढं लांबलचक लिहायला मी बसलोच नसतो. गाडी छान चालली होती, अजूनही चालते. पण त्या एका टायरपायी दुकानदार आणि विमावाले या दोघांनी डोक्याला जो ताप दिला, त्यानंतर माझी ह्युंदाई आय20 एन लाइन आणि मावसभावाची टाटा अल्ट्रोझ रेसर या दोन गाड्यांकडे बघायची माझी नजरच बदलली. पॉवरचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. दोन्हीकडे 120 पीएस (म्हणजे अश्वशक्ती). टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर, आय20ला 172 न्यूटन मीटर, रेसरला 170. त्या दोन न्यूटन मीटरवरून कोणाला हमरीतुमरीवर यायचं असेल तर खुशाल यावं, मला त्यात पडायचं नाही.

2024 च्या पावसाळ्यात आमच्याकडे दोन्ही गाड्या मागेपुढे आल्या. मी आय20 एन लाइन घेतली, एन6 मॉडेल, मॅन्युअल. चिंचवडच्या मावसभावाने अल्ट्रोझ रेसर घेतली; आर3 मॉडेल, नारिंगी, वर काळं बॉनेट आणि पांढरे पट्टे. रविवारी सकाळी ताम्हिणीकडे निघालो की मुळशीला किल्ल्यांची अदलाबदल ठरलेली असते. त्यामुळे त्याच्या गाडीबद्दल जे लिहितोय ते ऐकीव नाही.

एन लाइनला खरी हॉट हॅच (छोटी पण दणकट इंजिनाची गाडी) म्हणू नका, हे आधीच कबूल. युरोपातल्या खऱ्या आय20 एनमध्ये 1.6 लिटरचं 204 पीएसचं इंजिन होतं, आपल्याकडे 1.0 लिटर टर्बोवर लाल रेघा आणि दोन नळकांडी. खरीच हवी असेल तर 2025 च्या मे महिन्यात फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली, 53 लाखांना. तेव्हा ज्याला दहा-अकरा लाखांत घाटातली मजा हवी आणि क्लच पायाखाली हवा, त्याच्यासमोर हेच दोन पर्याय होते. सप्टेंबर 2023 च्या आधीची एन लाइन मला चालली नसती, कारण तिच्यात गिअरचा दांडा होता पण क्लचचं पेडलच नव्हतं. रेसर तर पहिल्यापासून फक्त मॅन्युअल.

आता पैशांचं. 2024 मध्ये एन6 मॅन्युअल 9.99 लाखांची होती, आर3 10.99 लाखांची, दोन्ही एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ आणि विमा सोडून. दिसायला लाखाचा फरक, पण महाराष्ट्रात तो लाखावर थांबत नाही. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत आरटीओचा कर 11 टक्के, दहाच्या वर 12. शिवाय दहा लाख ओलांडले की शोरूमवाले 1 टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, वसूल करतात. तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर आपले पैसे सरकारकडे बिनव्याजी पडून. टीसीएस सोडा, नुसत्या आरटीओ करात माझ्यात आणि भावात बावीस हजारांचा फरक पडला. बावीस हजारांत तीन टायर येतात. (हल्ली मी सगळेच हिशेब टायरमध्ये करतो.)

त्या जास्तीच्या पैशांत भावाला हवा खेळवणाऱ्या पुढच्या सीट आणि 360 अंशांचा कॅमेरा मिळाला. एप्रिलमध्ये साताऱ्याला जाऊन आलो तेव्हा त्याची पाठ कोरडी आणि माझा शर्ट सीटला चिकटलेला. मला काय मिळालं? मागेही डिस्क ब्रेक. रेसरला मागे ड्रम, म्हणजे जुन्या धाटणीचे ब्रेक, आहेत, आणि गाडी निवडताना मी या एकाच मुद्द्यावर अडून बसलो होतो. अकरा लाखांची, रेसर नावाची गाडी आणि मागे ड्रम, हे काही केल्या पचत नव्हतं.

सव्वा वर्षाने त्या मुद्द्यातली हवा बरीच निघाली आहे. ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं आणि खरं काम पुढच्या डिस्कच करतात. एखाद-दुसऱ्या जोरदार ब्रेकला भावाची गाडी माझ्याइतकीच मुकाट थांबते. फरक पडलाच तर लांब उतारावर, ब्रेक सतत वापरात राहून तापतात तेव्हा. ताम्हिणीतून माणगावकडे उतरताना मी तो फरक मुद्दाम शोधत होतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर फार पाय जातच नाही. तरी मागच्या चाकाच्या जाळीतून ती चकचकीत डिस्क दिसली की मला बरं वाटतं, हे नाकारत नाही.

चालवायला माझी गाडी हलकी आहे, वळणात नाक पटकन घालते आणि गिअर टाकायला मजा येते. रेसर जड वाटते, पण शंभराच्या पुढे रस्त्याला धरून बसते, आणि दार लावल्यावर जो आवाज येतो त्याला तोड नाही. दारं नव्वद अंशांत उघडतात म्हणून आईला तीच आवडते. गुडघे न वाकवता बसता येतं. भावाचं हुकमी पान म्हणजे ग्लोबल एनकॅप, गाड्या आपटून सुरक्षिततेचे तारे देणारी संस्था. अल्ट्रोझला जानेवारी 2020 मध्ये पाच तारे, आय20ला 2022 मध्ये तीन. ती चाचणी दोन एअरबॅगवाल्या आय20ची होती आणि माझ्या गाडीत सहा आहेत, हे मी दर वेळी सांगतो. तो दर वेळी पाच बोटं दाखवतो.

त्याचं दुसरं पान म्हणजे गाडी पिंपरीत बनली. त्याला उत्तर नाही. पोलो जीटी चाकणची, 145 पीएसची अबार्थ पुंटो रांजणगावची, अल्ट्रोझ पिंपरीची. चटपटीत हॅचबॅक हा पुणे जिल्ह्याचाच माल. माझी तेवढी तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरची.

तर टायर. पावसात सर्व्हिस रोडला उतरताना पाण्याने भरलेला खड्डा लागला. वेग फार नव्हता, हवा आदल्याच दिवशी भरलेली. धप्प आवाज आला, पण गाडी सरळ चालत राहिली. दुसऱ्या दिवशी धुताना डाव्या पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला हाताला उंचवटा लागला. अंगठ्याने दाबला तर मऊ. खड्ड्याच्या काठात आणि रिममध्ये टायर चिमटला की कडेच्या आतले धागे तुटतात, आणि मग आतली हवा त्या जागी नुसत्या रबराला बाहेर ढकलते. याला दुरुस्ती नाही. पॅच नाही, काही नाही. वेगात फुटू शकतो, म्हणून टायर बदलायचाच. आणि आपटून झालेलं नुकसान म्हणून वॉरंटीही नाही.

खरी चिडचिड इथून सुरू झाली, कारण त्याच खड्ड्यातून मागोमाग भावाची रेसर गेली होती आणि तिला काहीही झालं नव्हतं. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझं माप 195/55 आर16. म्हणजे रुंदी 195 मिलिमीटर आणि कडेची उंची त्याच्या 55 टक्के, 107 मिलिमीटर. रेसरचं 185/60 आर16. कडेची उंची 111. फरक चार मिलिमीटरचाही नाही. शहाणा माणूस म्हणेल की योगायोग आहे, त्याचं चाक काठावर चार बोटं इकडेतिकडे पडलं असेल. म्हणो बापडा. पण तेव्हापासून रस्त्यावर मी गाड्यांची तोंडं बघत नाही, टायरच्या कडा बघतो.

विम्याचं ऐका. झिरो डेप (घसारा न कापणारी) पॉलिसी, हप्ता वेळेवर, दावा एकही नाही. उत्तर आलं की नुसत्या टायरचं नुकसान पॉलिसीत बसत नाही. त्याच अपघातात गाडीलाही मार लागला असेल तरच टायर धरतात, आणि तोही निम्म्या किमतीला. अट पॉलिसीत छापलेली आहे, तेव्हा भांडायला जागा नाही. म्हणजे रिम मजबूत निघाली, वाकली नाही, हेच माझ्या आड आलं. फोनवरच्या बाईंना हे बोलून दाखवलं, तर त्यांनी अतिशय नम्रपणे "आणखी काही मदत करू शकते का, सर?" असं विचारलं.

मग टायरचं दुकान. मोठं, काचेचं, बसायला सोफा, कॉफी फुकट. जोडीचा भाव ठरला, गाडी जॅकवर चढली, आणि मी सवयीने नव्या टायरच्या कडेवरचे ते चार आकडे वाचले. प्रत्येक टायरवर लंबगोल चौकटीत असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. एकावर 1822. म्हणजे 2022 चा अठरावा आठवडा. गोदामात तीन वर्षं पडलेला माल मला आजच्या भावाने. विचारलं तर काउंटरवरचा म्हणतो, "साहेब, रबर आहे, दूध नाही." दुसऱ्यावरची तारीख बघायला गेलो तर तो टायर आतल्या बाजूने वळवून ठेवलेला. मालकांना बोलावलं. ते म्हणाले, याच मापात ताजा माल हवा तर आठवडा लागेल. म्हटलं, मग जुनाच टायर लावून गाडी खाली उतरवा. जॅकवर चढवल्याचे शंभर रुपये मागितले, दिले नाहीत.

आणि इथेच माझं मत पुन्हा फिरलं. 195/55 आर16 हे काही दुर्मीळ माप नाही. बलेनोच्या वरच्या मॉडेललाही हेच, पोलो जीटीलाही हेच होतं. पुढच्या छोट्या दुकानात, सोफा नसलेल्या, तीन कंपन्यांचे टायर समोर होते आणि चार महिन्यांच्या आतले. भावाच्या 185/60 आर16ची चौकशीही तिथेच केली. एका कंपनीचा होता, बाकी मागवावे लागतील म्हणाले. म्हणजे चार मिलिमीटर जास्त उंचीचा फायदा एकीकडे, आणि बदलायची वेळ आली की निवडीला वाव कमी, हे दुसरीकडे. 205/55 आर16 घ्यायचा मोह झाला होता. कडेची उंची जवळपास 113 होते आणि चाकाचा व्यास दोन टक्क्यांच्या आतच वाढतो. पण उद्या दावा करायची वेळ आली तर विमावाल्यांच्या हातात आयतं कोलीत नको, म्हणून कंपनीचंच माप ठेवलं.

जोडी कुठे लावायची यावरून पुन्हा वाद. दुकानातला मुलगा म्हणतो नवे पुढे, गाडी पुढच्या चाकांनी ओढते ना. टायर बनवणारेच सांगतात की नवी जोडी मागे लावा. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी वळणात सरळ जाते. आपण ॲक्सिलरेटर सोडतो आणि ती सावरते. मागची घसरली तर गाडी फिरते, आणि ती सावरणं आपल्यासारख्याचं काम नाही. नवे मागे आणि मागचे दोन्ही पुढे लावून घेतले. उरलेला एक चांगला टायर गोणपाटात गुंडाळून गॅलरीत ठेवलाय. त्यावर घरात काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

नव्या टायरने मात्र सुखद धक्का दिला. मी मुद्दाम मऊ, लांब पल्ल्याचे घेतले होते. मागच्या सीटवर येणारा रस्त्याचा घरघराट निम्म्याने कमी झाला. कात्रजच्या नव्या बोगद्यापुढचे पुलांचे सांधे पूर्वी पाठीत टोचायचे, ते आता नुसते ऐकू येतात. मला इतके महिने जे कडक सस्पेन्शन वाटत होतं, त्यात टायरचाही चांगलाच हात होता. वळणात शिरताना गाडी किंचित आळसावली असेल, पण तेवढं मला चालेल. पुढची जोडी संपली की तिथेही हेच टायर.

निवड विचाराल तर घाट आणि शहर धरून मी आजही एन6च घेईन, त्यातही दहा लाखांच्या आतली म्हणून. ज्याचं पुणे-कोल्हापूर सारखं होतं, गाडीत चार माणसं असतात, उन्हाळा सोसत नाही, त्याला रेसर बरी. माझा ड्रमचा हट्ट मनावर घेऊ नये. वापरलेली घेणार असाल, यातली कुठलीही, तर एक करा. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. फुगा बऱ्याचदा आतून असतो आणि विकणाऱ्यालाही माहीत नसतो. चारही टायरचे आठवडे वाचा. वर्षभराच्या गाडीवर वेगळ्याच वर्षाचा एक टायर दिसला तर त्याची कहाणी विचारा.

नव्या गाडीचं गणित वेगळंच झालंय. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा 28 टक्के जीएसटी आणि वरचा 1 टक्का सेस जाऊन 18 टक्के जीएसटी आला. माझ्या 9.99 लाखांवर तो हिशेब लावला तर 85 हजारांच्या आसपास वाचतात. अकरा टायर. वर विम्याच्या नूतनीकरणाला आयडीव्ही (विम्यासाठी मानलेली गाडीची किंमत) आजच्या नव्या किमतीवरून धरतात, म्हणजे जास्त मोजून घेतलेल्या गाडीची किंमत कागदावर आणखी खाली. भावाचं नुकसान माझ्यापेक्षा मोठं, एवढाच दिलासा.

त्याच नूतनीकरणात टायरचं वेगळं कव्हर घ्या म्हणून विमावाले मागे लागले होते. अटी वाचल्या. पंक्चर त्यात नाही, आणि टायर जेवढा झिजलेला तेवढे पैसे कमी. माझी पुढची जोडी आणखी वर्षभरात निम्म्यावर येईल, म्हणजे हप्ता पूर्ण आणि भरपाई अर्धी. नको म्हणून सांगितलं. ते पैसे बाजूला ठेवलेत. पुढच्या जोडीला लागतीलच.